मुंशीजींची गाडी

आंबागडच्या आमच्या घरासमोर, कडुलिंबाच्या सावलीत, एकोणीस वर्षे एक पांढरी मारुती 800 उभी असायची. 2024 च्या मे महिन्यात ती आम्ही विकली. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, “केवढ्याला गेली?” कोणाला गेली, हे विचारणारे दोन-तीनच निघाले.

या महिन्यात दोन्ही प्रश्नांची उत्तरे द्यावीत असे ठरवले आहे. कारण प्रश्न एका गाडीचा नाही. प्रत्येक घरात कधी ना कधी काहीतरी जुने आणि जिव्हाळ्याचे विकायची वेळ येते. गाडी असेल, म्हैस असेल, अम्मीची शिलाई मशीन असेल. अशा वेळी आपण म्हणतो, “पैसे थोडे कमी आले तरी चालतील, पण माणूस चांगला भेटावा.” आम्हीही हेच म्हणत होतो. चांगला माणूस शोधताना आम्हाला स्वतःकडेच बघावे लागले, ती हकीकत सांगतो.

गाडी अब्बांची. अब्बा तुमसरच्या एका भात गिरणीत मुंशी होते. तुमसरची तांदळाची बाजारपेठ दूरवर नावाजलेली. धानाच्या हंगामात अब्बा सकाळी निघायचे ते इशाची नमाज होऊन गेल्यावर परतायचे. लहानपणी आम्ही कधीकधी त्यांच्याबरोबर जायचो. शेतकऱ्याने धान ओतले की अब्बा बाही वर सारून ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे आणि आतली मूठ बाहेर काढायचे. एक दाणा दाताखाली धरायचे. कडक आवाज आला तर धान वाळलेले, नाही तर ओल आहे. आम्ही एकदा विचारले, “वरचे का नाही बघत?” ते म्हणाले, “वरचं धान सगळ्यांचंच कोरडं असतं, बेटा.”

2005 साली त्यांनी साठवलेल्या पैशांतून ही गाडी नवीन घेतली. आमच्या खानदानातली पहिली चारचाकी. अब्बांनी ती कधी साठच्या वर पळवली नाही. गावात कोणाची सून अडली, कोणाला साप चावला, कोणाचा दहावीचा पेपर तुमसरला आणि बस गेली, की माणूस आमच्या दाराशी यायचा. नागपूरहून पाहुणे आले की अब्बा त्यांना गाडीत बसवून किल्ल्याच्या पायथ्याशी न्यायचे. देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या अमलात, 1700 च्या सुमारास, राजा खान पठाण याने हा किल्ला कसा बांधला ते सांगायचे. पाहुण्यांना किल्ल्यापेक्षा गाडीतली मागची खिडकी अर्धीच का उघडते याचेच नवल जास्त वाटायचे.

2023 च्या जानेवारीत अब्बांचा इंतकाल झाला. गाडी उभी राहिली. अम्मीचे गुडघे गेलेले. खालच्या सीटवर बसणे आणि उठणे तिला जमेना. शाळेत जायला आम्हाला मोटारसायकल पुरते. दर पंधरा दिवसांनी बॅटरी उतरायची. उंदरांनी एकदा वायर कुरतडली. तरी विकायचा विषय निघाला की धाकटा मुलगा रुसून बसायचा. “दादाजानची गाडी आहे. कव्हर घालून ठेवू.”

त्याला आम्ही एका दुसऱ्या मारुती 800 ची गोष्ट सांगितली. देशातली ही पहिली गाडी 14 डिसेंबर 1983 रोजी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. त्या वेळच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी स्वतःच्या हाताने त्यांना किल्ली दिली. ही गाडी घेण्यासाठी हरपाल सिंग यांनी आपली जुनी फियाट विकली होती. मारुती मात्र त्यांनी शेवटपर्यंत विकली नाही, 2010 मध्ये ते वारले तोपर्यंत. त्यानंतर ती गाडी घराबाहेर ऊन-पावसात गंजत पडली. तिचे फोटो लोकांनी पाहिले आणि हळहळले. पुढे कंपनीने ती दुरुस्त करून आपल्याकडे मांडून ठेवली, कारण ती पहिली होती. आपल्या गाडीसाठी कोण येणार? या गाडीचे उत्पादन 2014 च्या जानेवारीत बंद झाले. तोवर लाखो गाड्या बनल्या होत्या आणि आपली त्यांतली एक. उभी ठेवली तर कव्हराखाली गंजेल. चालत राहिली तर कोणाच्या तरी कामाला येईल. मुलगा काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून बादली घेऊन गाडी धुवायला गेला.

विकायच्या आधी कागद. इथे आम्हीच कमी पडलो, ते कबूल करतो. गाडीच्या मालकाचा मृत्यू झाला तर वारसाने 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. आम्ही दुःखात आणि मग आळसात वर्ष घालवले. शेवटी भंडाऱ्याला जाऊन मृत्यूचा दाखला, शपथपत्र, अम्मीचे आणि आपाचे ना-हरकत पत्र दिले, उशिराचा दंड भरला. वाचकांपैकी किती घरांत मरहूम वडिलांच्या नावाची गाडी आजही तशीच चालू असेल! अपघात झाला तर विम्याच्या दारात पहिला प्रश्न हाच येईल. आमच्यासारखी दिरंगाई करू नका.

आरसीवर आता नाव आमचे आले, पण मालकी आमच्या एकट्याची झाली नाही. अब्बांच्या मागे अम्मी, आपा आणि आम्ही असे तिघे वारस. त्यांच्यावर कर्ज नव्हते, वसीयत नव्हती. म्हणजे गाडीच्या किमतीत अम्मीचा आठवा हिस्सा, आणि उरलेल्याचे तीन भाग करून दोन आमचे, एक आपाचा. शेत आणि घर यांची वाटणी करताना लोक हा हिशेब आठवतात. गाडी, मोटारसायकल, शिलाई मशीन यांच्या वेळी मात्र “ते काय, मुलाचंच” म्हणून पुढे जातात. बहिणीचा हक्क मोठ्या चीजेत असतो आणि लहान चीजेत नसतो, असे कुठे लिहिले आहे? ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून आधी सांगितली.

गाडी विकायची आहे हे गावात कळताच पहिले गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी आले. ओळखीचेच. साठ हजार रोख मोजायला तयार. तुमसरच्या मिस्त्रीनेही वरून बघून तेवढाच अंदाज दिला होता. गिऱ्हाईकाची अट एकच. “फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून द्या, बाकी कोरे ठेवा. नाव नंतर बघू. मीही कदाचित पुढे कोणाला देईन.” त्याचा बेत आठवडी बाजाराला सवाऱ्या मारायचा होता, हे त्याने लपवले नाही.

साठ हजार रुपये समोर दिसत असताना माणूस स्वतःची समजूत फार लवकर घालतो. आम्हीही घातली. ओळखीचा आहे, करील की नाव. रात्री मात्र झोप येईना. कोऱ्या फॉर्मवर सही म्हणजे काय, ते वाचकांनी नीट समजून घ्यावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे गाडी राज्यातच विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नोंद बदलण्यासाठी कळवायचे असते. तसे न केल्यास काय होते, ते सुप्रीम कोर्टाने 2018 च्या फेब्रुवारीत स्पष्ट केले. एका माणसाने गाडी विकली, घेणाऱ्याने ती दुसऱ्याला विकली, त्याने आणखी पुढे. नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. 2009 साली त्या गाडीखाली एक जीव गेला. कोर्टाने सांगितले की नोंदीत ज्याचे नाव आहे, कायद्याच्या दृष्टीने तोच मालक, आणि नुकसानभरपाई त्यानेच द्यायची. त्याने गाडी विकून पैसे घेऊन कितीतरी महिने झाले होते.

यात आपल्या खिशाची भीती आहेच. पण दुसरीही एक बाजू आहे. खासगी गाडीत पैसे घेऊन सवाऱ्या बसवल्या आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग त्या मागच्या सीटवर बसलेल्या बाजारकरू बाईच्या घरच्यांनी कोणाकडे बघायचे? अब्बांची गाडी माणसांना दवाखान्यात पोचवायची. ती अशा कामाला आपल्या सहीने द्यायची, हे मनाला पटेना. सकाळी आम्ही नाही म्हणून कळवले.

दुसरे गिऱ्हाईक दोन तरुण पोरे. त्यांनी गाडी सुरू करून उभ्या उभ्या इतकी रेस दिली की कडुलिंबावरचे कावळे उडाले. छप्पर कापून वरातीसाठी सजवायचा विचार होता. धाकट्याने आत जाऊन अम्मीला सांगितले आणि अम्मीने आतूनच सांगितले, “त्यांना सरबत दे आणि सलाम सांग.”

तिसरे गिऱ्हाईक फोन करून आले. आवाज ओळखीचा वाटला. आमचाच एक जुना विद्यार्थी, चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत फिटर म्हणून लागलेला. त्याच्या वडिलांना किडनीचा त्रास, आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला न्यावे लागते. मोटारसायकलवर त्यांना बसवत नाही, भाड्याची गाडी परवडत नाही. “सर, जुम्म्याला येऊ का? बाबांनाबी आणतो, त्यायले बसून पाहता येईल.” असा माणूस शोधूनही मिळाला नसता. आम्ही खूश झालो.

आणि त्याच क्षणी पोटात गोळा आला.

कारण गाडीत एक ऐब होता. 2020 च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला महापूर आला आणि अर्धे भंडारा शहर पाण्यात गेले, हे विदर्भातले वाचक विसरले नसतील. वर मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, धरणाचे पाणी सुटले आणि रात्रीतून घराघरात शिरले. त्या आठवड्यात आमची गाडी आपाच्या अंगणात होती, तिच्या सासूबाईंना दवाखान्यात न्यायला दिलेली. पाणी सीटच्या गादीपर्यंत चढले आणि दोन दिवस उतरले नाही. आपाच्या मिस्टरांनी एक शहाणपण केले, पाणी उतरल्यावर किल्ली फिरवली नाही. पाण्यातून निघालेली गाडी लगेच सुरू केली तर इंजिनात शिरलेले पाणी आतला भाग वाकवते. टोचन लावून ती गॅरेजला नेली, ऑइल बदलले, प्लग काढून इंजिन वाळवले. गालिचा आणि खालचे नमदे फेकून नवे घातले. इंजिन बचावले. पण ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा आतून गंजायला लागला, तिथे एक ठिगळ जोडावे लागले. आणि दर पावसाळ्यात डॅशबोर्डखालचा एक कनेक्टर हिरवा पडून वायपर बंद पडायचा. तो साफ केला की पुन्हा सुरू.

नव्या मॅटवर उभे राहून कोणाला हे दिसणार नव्हते. मिस्त्रीने साठ हजार सांगितले ते वरून बघून. वरचे धान सगळ्यांचेच कोरडे असते.

हदीसमध्ये नेमका असाच प्रसंग आहे. आपण सर्वांनी तो जुम्म्याच्या बयानात ऐकलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. विकणाऱ्याने सांगितले की पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले की भिजलेले वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते. आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असे बजावले. यातली एक गोष्ट आमच्या ध्यानात कधी आली नव्हती. पाऊस त्या माणसाने पाडला नव्हता. भिजण्यात त्याचा काही गुन्हा नव्हता. गुन्हा होता तो कोरडे वर आणि ओले खाली ठेवण्यात. आमच्या गाडीत पूर आम्ही आणला नव्हता. पण मॅट आम्हीच घातली होती.

हे सगळे पटत होते, तरी एक अडचण उरली होती. सांगितले तर किंमत घटणार. आमचा हिस्सा घटला तर आमची मर्जी. पण अम्मीचा आणि आपाचा हिस्साही घटणार होता, आणि आपाकडे त्या वर्षी मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचा खर्च होता. दुसऱ्याच्या पैशाने स्वतः प्रामाणिक होणे सोपे असते. म्हणून गुरुवारी रात्री आपाला फोन लावला. ती आधी गप्प राहिली. मग म्हणाली, “मिस्त्रीला समजलं नाही, त्याला कसं समजेल?” आम्ही काही बोललो नाही. ती पुन्हा म्हणाली, “ठिगळ तर पक्कं आहे ना?” आम्ही हो म्हणालो. थोड्या वेळाने तीच बोलली. “भाईजान, पूर आमच्या अंगणातच आला होता. मला माहीत आहे पाणी कुठवर होतं. सांगून टाका. नाही तर तो पोरगा पावसाळ्यात बापाला घेऊन निघेल आणि वायपर बंद पडला की मला इथे बसून कळेल.”

अम्मीला विचारले तर ती म्हणाली, “यात विचारायचं काय?”

जुम्म्याच्या नमाजनंतर ते दोघे आले. वडिलांना हाताला धरून उतरवले. त्यांनी गाडीकडे पाहिले आणि चेहरा उजळला. “ही तर मुंशीजीची गाडी हाये. आमचं धान त्यायनंच घेतलं जी इतकी वर्सं. एक पायलीचा घोळ नाही.” मुलगा वाकून टायर बघत होता. ते त्याला म्हणाले, “मुंशीजीची गाडी, त्यात काय पाहाचं रे? पैसे दे आन चाल.”

वाचकहो, खरी कसोटी इथे होती. अनोळखी गिऱ्हाईक चारदा तपासते, मिस्त्री आणते, शंका घेते. विश्वास ठेवणारे गिऱ्हाईक काही बघत नाही. म्हणून ओळखीच्या माणसाला फसवणे सर्वात सोपे, आणि त्याचे पाप सर्वात जड. मुंशीजींच्या नावावर ते गाडी घेत होते. अब्बांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या ढिगात हात घालून कमावलेले ते नाव आम्ही एका दुपारी बारा हजारांसाठी खर्च करणार होतो काय?

आम्ही म्हणालो, “काका, थांबा. आधी ही मॅट काढू.” ड्रायव्हरच्या बाजूची मॅट उचलली, गालिचा मागे सारला, ठिगळ दाखवले. पूर कधी आला, पाणी कुठवर होते, गॅरेजमध्ये काय केले, काय राहिले, वायपर कसा बंद पडतो आणि कोणता कनेक्टर उघडून साफ करायचा, सगळे सांगितले. आणखी दोन गोष्टी सांगितल्या. नोंदणीचे पहिल्या पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण 2020 च्या सुरुवातीला केले होते, त्याची पाच वर्षे 2025 मध्ये संपणार होती. अशा जुन्या खासगी मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाले होते, शिवाय हरित कर वेगळा. हा खर्च वर्षाच्या आत त्याच्या अंगावर पडणार होता.

मुलगा फिटर. तो गुडघ्यावर बसला, गालिच्याखाली हात घालून पत्रा चाचपत राहिला. अगदी कोपरापर्यंत. आम्ही तिकडे बघत राहिलो आणि काही वेळ आम्हाला दुसरेच कोणी दिसत होते. तो उठला, हात पुसले. “सर, खालचा पत्रा नवा टाकावा लागेल. वायरिंगपण थोडं बदलावं लागेल.” तुमसरच्या मिस्त्रीला बोलावून आम्ही खर्च काढला. बारा हजार. साठातून बारा गेले, अठ्ठेचाळीस राहिले. घासाघीस दोन्हीकडून झाली नाही. वडील एवढेच म्हणाले, “सांगतलं नसतं तर आमाले काय समजलं असतं?” मुलगा म्हणाला, “म्हणूनच तर घेऊन राह्यलो, बाबा.”

गाडी घेताना पुराचे पाणी कसे ओळखावे, हेही वाचकांसाठी लिहून ठेवतो, कारण अशा गाड्या वाळवून, चकचकीत करून बाजारात येतातच. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गाळाची रेघ बेल्टच्या आतल्या भागात राहते, तिथपर्यंत कोणी धूत नाही. सीट ज्या पट्टीवर सरकते तिचे बोल्ट बघा. बाकी आतला भाग नवा आणि तेच बोल्ट गंजलेले असतील तर विचारा. जुन्या गाडीत गालिचा अगदीच कोरा असेल तर तो का बदलला, हेही विचारा. हेडलाइटच्या काचेच्या आत मातीचा थर आहे का बघा. काचा बंद करून पाच मिनिटे आत बसा. कुबट वास अत्तराने लपत नाही. आणि विकणाऱ्याला सरळ विचारा, “गाडी कधी पाण्यात होती काय?” सरळ प्रश्नाला खोटे उत्तर देणे पुष्कळांना जड जाते.

सोमवारी दोघे भंडाऱ्याला गेलो. फॉर्म 29 आणि 30 पूर्ण भरले, एकही रकाना कोरा नाही. जुने चलन बाकी नाही ना हे बघितले. विमा आणि पीयूसी चालू होते. विम्यावर 14 दिवसांत नाव बदलून घ्यायला त्याला सांगितले. आमचा फास्टॅग काढून बंद केला. एका कागदावर ताबा पावती लिहिली, तारीख आणि वेळेसकट, म्हणजे त्या घटकेपूर्वीचे चलन आमचे आणि नंतरचे त्याचे. त्याच कागदावर पुराची गोष्टही चार ओळींत लिहिली आणि दोघांनी सह्या केल्या. तो म्हणाला, “सर, एवढं कशाला? विश्वास आहे ना.” आम्ही त्याला सांगितले, विश्वास आहे म्हणूनच लिहायचे. कागद भांडण झाल्यावर कामी येतो हे खरे, पण भांडण होऊ नये म्हणून तो जास्त कामी येतो. देण्याघेण्याचे लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असा हुकूम कुरआनच्या सर्वात लांब आयतीत आहे. तो काही परक्यांपुरताच दिलेला नाही.

अम्मीची एक अट होती. किल्ली द्यायच्या आधी तिला एकदा त्या गाडीतून आपाकडे जायचे होते. तिला हजरत जाबिर (रजि.) यांच्या उंटाची गोष्ट फार आवडते. सफरीत थकलेला आपला उंट त्यांनी प्रेषितांना (स.) विकला, पण मदिनेपर्यंत त्याच्यावरच बसून जाण्याची मुभा मागितली, आणि ती मिळाली. मदिनेला पोचल्यावर प्रेषितांनी (स.) किंमतही दिली आणि उंटही परत दिला. आम्ही हसून म्हणालो, “अम्मी, आपली गाडी कोणी परत देणार नाही.” ती म्हणाली, “मला परत नकोच. फक्त एकदा बसायचं आहे.”

मग बुधवारी सकाळी, ऊन तापायच्या आधी, निघालो. तिला गाडीत बसवायला दोघांनी धरावे लागले. तुमसर, मोहाडी, वरठी अशी तीच वाट जिच्यावर अब्बा साठच्या वर जात नसत. आम्हीही गेलो नाही. अम्मी पूर्ण वाटेत तस्बीह ओढत बसली, काही बोलली नाही. परत आल्यावर तिने आरशाला लटकवलेली दुआची छोटी तबकडी काढली, दुपट्ट्याने डॅशबोर्ड पुसला आणि म्हणाली, “आता त्याला बोलाव.”

पैशांचा हिशेब असा झाला. अठ्ठेचाळीस हजारांत अम्मीचे सहा हजार. उरले बेचाळीस, त्यात आपाचे चौदा आणि आमचे अठ्ठावीस. आपा घेईना. “भाईजान, गाडी तुम्हीच सांभाळली.” आम्ही म्हणालो, “तू आधी घे. मग द्यायचे असतील तर तुझ्या हातातून दे.” हक्क हातात देऊन मग माफ करवून घेणे वेगळे, आणि हातातच न देता माफ झाला असे धरणे वेगळे. तिने घेतले आणि भाचीच्या फीमध्ये भरले.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊला फोन वाजला. बाहेर मुसळधार पाऊस. नाव बघून छातीत धस्स झाले.

“सर, बाबांना घेऊन भंडाऱ्याहून येत होतो. मोहाडीच्या पुढे वायपर बंद पडला.”

“मग?”

“मग काय सर, तुम्ही दाखवला होता तोच कनेक्टर. मोबाइलच्या उजेडात साफ केला, चालू झाला. पोचलो घरी. बाबा म्हणाले सरांना सांग, काळजी करत असतील.”

मागून काकांचा आवाज आला, “मुंशीजीच्या घरी सलाम सांग रे.”

आम्ही आत जाऊन अम्मीला सलाम पोचवला. तिने तस्बीह थांबवली. “कोणाचा?” आम्ही सांगितले. “वालेकुम अस्सलाम,” ती म्हणाली आणि विचारले, “गाडी धुतो काय तो?”